झेंडूचा हार घातलेला रोप

रोपला, म्हणजे आमच्या चढाईच्या दोराला, झेंडूचा हार घातला होता.

नुसता हार नाही. हळद होती, कुंकू होतं, आपट्याचं पान होतं आणि वेटोळ्याच्या बरोबर मधोमध एक लिंबू होतं. दसऱ्याची सकाळ. चाकणच्या पलीकडे एका गावामागचा कातळ. माझी बॅच समोर उभी आणि मी गिअरची मोठी बॅग उघडून आत डोकावतेय. इतकी वर्षं प्रस्तरारोहण शिकवते आहे. या बॅगेतून विंचू निघालाय, एकदा आठवड्यापूर्वीची बटाट्याची भाजी निघाली, डब्यासकट. देव निघायची ही पहिलीच वेळ.

"कसं वाटतंय मॅडम?" भागवतभाऊंनी विचारलं. हात मागे बांधलेले, छाती पुढे. मुलाचा पहिला नंबर आलेल्या बापाचा चेहरा.

"झगमगतंय," मी म्हणाले. ते खरंच होतं. कॅराबिनर, म्हणजे रोप अडकवायच्या आमच्या धातूच्या कड्या, शोरूममधल्यासारख्या चमकत होत्या. हेल्मेटवर रंगाने स्वस्तिक काढलं होतं. हार्नेस म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधायचा पट्टा, त्या प्रत्येकावर पिवळ्या ऑइलपेंटने सुबक नंबर टाकले होते. आणि या सगळ्याला एक वास येत होता. मी तो वास ओळखला. वर्कशॉपचा वास होता तो.

आता जरा मागे जाते, म्हणजे तो वास मला का नको होता ते तुम्हालाही कळेल.

ऑक्टोबर ते डिसेंबर हा आमचा शिकवण्याचा सीझन. पावसाळ्यात कातळ शेवाळलेला असतो, उन्हाळ्यात हात भाजतात. या मधल्या महिन्यांत खडक कोरडा होतो, भातखाचरं पिवळी पडतात, चढणीवर सोनकी फुललेली असते आणि गवताची कुसळं मोज्यांत घुसून माणसाला नम्र करतात. माझ्या बॅचमध्ये बहुतेक सगळे कंपन्यांमधले. ताथवड्याच्या कॉलेजातली मुलं पण येतात, पण ती पहिल्या रविवारी फोटो काढतात आणि तिसऱ्या रविवारी परीक्षा आठवते. कंपनीवाले टिकतात. त्यांना शिफ्टची सवय असते, हेल्मेटची सवय असते आणि मुख्य म्हणजे साहेब ओरडला तरी वाईट वाटून घ्यायचं नसतं, याची सवय असते. मी ओरडते.

भागवत शिंदे मूळचे लातूरकडचे. भोसरीत राहतात, चाकणमधल्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहेत. बॅचमध्ये वयाने सर्वांत मोठे. गडी हौस म्हणून नव्हता आला, पास परत मिळवायला आला होता.

हाइट पास म्हणजे उंचीवर काम करायची परवानगी. तो खिशात नसेल तर कंपनीत शिडीवरसुद्धा चढू देत नाहीत. भागवतभाऊ आयुष्यभर वरचे माणूस. क्रेनचा गर्डर असो की चिमणी, "भागवतला बोलवा" हे ठरलेलं. गेल्या उन्हाळ्यात ते शेडच्या पत्र्यावर चढले, पंख्याचं काम चोख संपवलं, उतरायला वळले आणि तिथेच थिजले. पाय हलेना. कंबरेचा पट्टा होता, सुरक्षेची दोरी होती, सगळं होतं. फक्त पाय त्यांचे राहिले नव्हते. शेवटी लिफ्टच्या पाळण्यात घालून खाली आणलं. तोपर्यंत अख्खी फर्स्ट शिफ्ट जेवण सोडून बघायला जमली होती. डॉक्टरांनी तपासलं. कान ठीक, डोळे ठीक, बीपी ठीक. पास मात्र गेला.

त्यांचे सेफ्टी ऑफिसर पाटणकर. नियमाचे पक्के, पण माणूस वाईट नाही. त्यांनी सांगितलं, "शिंदे, बाहेर ट्रेनिंग घ्या. एकदा मी स्वतः येऊन बघणार. माझ्या डोळ्यांदेखत दोरावरून खाली आलात तर दिवाळीच्या शटडाऊनआधी पास परत. नाहीतर कायमचे पंप हाउसला."

पंप हाउस ही काही शिक्षा नव्हे. सावली असते, पंखा असतो. पण भागवतभाऊ मला म्हणाले होते, "मॅडम, लोकं मुद्दाम वाट वाकडी करून येतात तिथं. इचारतात, काय भागवतराव, जमीन मानवली का? सावलीत बसून अंगाची आग होते माझ्या."

पाटणकरांना मोकळा मिळालेला एकच दिवस होता, दसऱ्याचा. कंपनीला सुट्टी. बॅच म्हणाली, उत्तम, यंदाचं सीमोल्लंघन कातळावर.

आमचं गिअर भोसरीत एका मित्राच्या गाळ्याच्या कोपऱ्यात असतं. भागवतभाऊ जवळच राहतात, म्हणून त्यांना किल्ली दिली आणि सांगितलं, "आदल्या दिवशी सगळं बॅगेत भरून ठेवा आणि सकाळी घेऊन या." आदला दिवस म्हणजे खंडेनवमी. आणि या पट्ट्यात खंडेनवमी म्हणजे काय, हे मी, चिंचवडात जन्मलेली बाई, विसरले.

खंडेनवमीला इथे मशीन पूजेपुरती बंद होतात. मग ती धुतात. वर्षभराचा चिकटा डिझेलने काढतात, गंज काढतात, तेल देतात, जिथे रंग उडालाय तिथे ब्रश मारतात. मग हार, हळदकुंकू, पेढे. लेथपासून पान्यापर्यंत सगळ्यांची पूजा. घाणेरडं हत्यार देवापुढे मांडायचं नाही, हा इथला अलिखित नियम. भागवतभाऊंनी आणि बॅचमधल्या दोघांनी गाळ्यात माझं गिअर पाहिलं. मळकं, मातीचं, पावसाळ्यानंतर जरा कुबट. त्यांच्या हाताला खाज सुटली असणार.

"कशाने धुतलंत हो रोप?" मी विचारलं. आवाज अगदी हलका ठेवला. मी हौशी नाटकांतून पुष्कळ कामं केली आहेत. छातीत धडधडत असताना 'चहा घेणार का?' विचारता येणं हा त्यातला पहिला धडा.

"आदी डिझेलनी. मग कड्यांसाठी गंज काढायचं लिक्विड आणलतं कंपनीतून, निळ्या कॅनचं. त्याच बादलीत रोपबी बुडवला. रातभर." भागवतभाऊंनी दम घेतला. "मग शाम्पू लावला. म्हणलं वास न्हाई ऱ्हायला पाहिजे."

"आणि तेल?"

"मशीन ऑइल. सगळ्या कड्यांना. त्या ब्रेकलापन लावलं. बगा की, कसं सुळसुळीत झालंय."

ब्रेक म्हणजे आमचं बिले डिव्हाइस. यातून रोप ओवतात आणि चढणारा पडला तर रोप त्यात करकचून अडकतो. त्याचं आयुष्यातलं एकमेव काम अडकणं हे आहे. त्याला तेल लावणं म्हणजे गाडीच्या ब्रेकला तेल लावणं. पण तेल पुसता येतं. खरी पंचाईत रोपची होती. आमचे रोप नायलॉनचे असतात. नायलॉन दगडाशी झगडतं, पावसात भिजतं, माणसाचं वजन झेलतं आणि कुरकुर करत नाही. ॲसिड मात्र त्याला आतून खातं. गंज काढायच्या लिक्विडमध्ये ॲसिड असतं. आणि वाईट गोष्ट अशी की वरून काही दिसत नाही. रोप तसाच गुबगुबीत, तसाच रंगीत. बघून कळत नाही, हात लावून कळत नाही. लटकल्यावर कळतं.

रोप गेला होता. ऑइलपेंट लागलेले हार्नेस गेले होते, कारण रंगातलं सॉल्व्हंट त्या पट्ट्यांचं काय करतं हे मी माझ्या बॅचवर तपासून बघणार नव्हते. त्याच कारणाने हेल्मेटही गेली. खून, दरोडा, पूर काही न होता माझं सगळं गिअर एका रात्रीत मेलं होतं, आणि मारेकरी माझ्याकडे शाबासकीच्या आशेने बघत उभा होता.

कांचनने माझी बाही ओढली. कांचन गायकवाड, भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये क्वालिटीला. बॅचमधली सगळ्यांत तिखट जीभ. तिच्या घरी दसऱ्याला शस्त्रपूजा नसते, विहारात वंदना असते. शिवाय नवमीला तिची सेकंड शिफ्ट होती. त्यामुळे या कटात ती नव्हती. तिचा हार्नेस आणि हेल्मेट तिची स्वतःची, तिच्याच सॅकमध्ये. दोन्ही मळकी आणि म्हणून शाबूत. तिने मला झाडामागे नेलं.

"मॅडम, रिजेक्ट आहे ना सगळं?"

"सगळं."

"मग सांगा की काकांना."

"आत्ता सांगितलं तर ते वर चढतील का? त्यांना आधीच रात्रभर झोप नाही. त्यांचे डोळे बघ."

"मग काय, साहेबांना म्हणायचं, पुढच्या वर्षी या?"

"माझ्या गाडीच्या डिकीत माझा रोप आहे. माझा हार्नेस, हेल्मेट, स्लिंग, सगळं आहे. तुझं सामान आहे. एका माणसाला उतरवायला पुरे. बाकीच्यांनी आज खाली बसून टाळ्या वाजवायच्या. फक्त भागवतभाऊंना कळू न देता रोप बदलायचा."

"कसा?"

"बघत राहा," मी म्हणाले. खोटं बोलण्याआधी माझ्या अंगात जी तरतरी येते ती दुसऱ्या कशाने येत नाही.

मी बॅचसमोर गेले. हात जोडले. आवाज घुमवला. "मंडळी! भागवतभाऊंनी आपल्या गिअरची पूजा केली. आमच्या गिर्यारोहकांत एक जुनी रीत आहे. पूजा झालेल्या रोपला त्या दिवशी विश्रांती द्यायची. त्याच्यावर भार टाकायचा नाही. म्हणून आज हा रोप इथे आसनावर विराजमान राहील आणि आपण माझा साधा रोप वापरू."

सुंदर झालं होतं. दोघांनी तर नमस्कारही केला. मी बॅगेची चेन लावायला वाकले, तेवढ्यात भागवतभाऊंनी घसा साफ केला.

"मॅडम, ते खंडेनवमीला."

"काय?"

"विश्रांती नवमीला असती. काल झाली. आज दसरा. आज उलटं असतं. पूजेच्याच हत्यारानं पहिलं काम करायचं. आमच्याकडं आज सकाळी त्याच पान्यानं एक तरी नट आवळत्यात. न्हाई केलं तर पूजा कशाला केली मग?" ते हसले. "मी तर म्हणूनच केलं सगळं, मॅडम. खरं सांगू का? मला लई भ्या वाटतंय आज. म्हणलं, ज्या दोराला लटकायचं त्याचीच पूजा करावी. त्या रोपवरच उतरतो मी. दुसऱ्यावर न्हाई."

कांचनने माझ्याकडे पाहिलं. पुढची युक्ती काय, असं त्या बघण्यात होतं. पुढची युक्ती नव्हती.

आणि नेमके तेव्हा पाटणकर आले. कंपनीचं पांढरं हेल्मेट, चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट, सेफ्टी शूज. गवतातून ते असे येत होते जणू शेडमध्ये राउंडला निघालेत. वाटेत पडलेला एक दगड त्यांनी पायाने बाजूला सारला, कुणी अडखळू नये म्हणून.

"हॅपी दसरा मॅडम! काय शिंदे, तयार?" त्यांचं लक्ष बॅगेकडे गेलं. "अरे वा! पूजा? व्हेरी गुड. इक्विपमेंटचा रिस्पेक्ट पाहिजेच. शिंदे, तुम्ही केलीत?"

"व्हय सर."

"मग याच रोपने उतरायचं, काय? मी फोटो काढतो. कंपनीच्या ग्रुपवर टाकू."

बॅचने टाळ्या वाजवल्या. म्हणजे आता असं झालं की एकजात सगळे, साहेब, कामगार, देव आणि दसरा, एकमताने म्हणत होते की याच रोपवर माणूस लटकवा. विरोधात मी आणि कांचन. नाटक संपलं होतं. अशा वेळी मेकअप पुसायचा.

मी खाली बसले. "भागवतभाऊ, इकडे या. एक सांगा. तुमच्याकडे क्रेनला ते रुंद पट्टे असतात ना, माल उचलायचे?"

"बेल्ट स्लिंग."

"हां. समजा, एक स्लिंग आहे. नवी दिसते. कुठे फाटलेली नाही. पण कुणीतरी ती गंज काढायच्या लिक्विडमध्ये रात्रभर बुडवून ठेवली होती. तुम्ही तिच्यावर माल उचलाल?"

"छ्या! तिला तर..." आणि ते थांबले.

मी रोपकडे बघितलं नाही. ते बघत होते. झेंडूकडे, हळदीकडे, लिंबाकडे. मला वाटतं, त्यांना निळा कॅन दिसत होता.

"तिला काय करता?" मी हळूच विचारलं.

"कापतो," ते म्हणाले. "कापूनच टाकायची. ठेवली तर कुणी न कुणी चुकून वापरतंयच."

पाटणकरांना अजून कळलं नव्हतं. "काय झालं शिंदे?"

भागवतभाऊंनी हार काढला आणि कांचनच्या हातात दिला. लिंबू काढलं. रोपला हात लावून तो हात कपाळाला लावला. मग माझ्याकडे हात पुढे केला. मी माझा चाकू दिला. त्यांनी रोपचं एक टोक पायाखाली धरलं आणि कापायला सुरुवात केली. हात-हातभराचे तुकडे. कुणी बैल बांधायलासुद्धा वापरू नये असे. रोप कापताना फार आवाज होत नाही. कुरर्र, कुरर्र, एवढाच.

अर्ध्यावर आल्यावर मान वर न करता ते म्हणाले, "सर, मी खराब केला हा. मॅडमचा काय संबंध न्हाई. लिक्विड मी आणलतं. लोकांचे हार्नेसबी गेले. ह्या रोपवर आज मी गेलो असतो, माझ्यामागं पोरं गेली असती."

पाटणकरांनी हेल्मेट काढून कपाळ पुसलं. "मग आजचं कॅन्सल?"

"कॅन्सल नाही," मी म्हणाले. "माझा रोप आहे."

"नगं मॅडम." चाकू मिटून भागवतभाऊंनी मला परत दिला. "आज नगं. माझं डोकं जाग्यावर न्हाई. पंप हाउसच बरं माझं."

इतकी माणसं शिकवल्यावर एक गोष्ट कळते. अशा वेळी 'तुम्ही करू शकता' वगैरे भाषण ठोकलं की माणूस आणखी खचतो. त्याला काम द्यावं. मी डिकीतून माझा रोप आणला आणि त्यांच्या खांद्यावर टाकला.

"उतरू नका. पण हा वर तरी नेऊन द्या. माझे गुडघे आता पूर्वीसारखे नाहीत."

माझे गुडघे ठणठणीत आहेत. पण मी खोटं बोलायचं सोडलं असं कुठे म्हटलं होतं?

कातळाच्या मागून माथ्यावर जायला पायवाट आहे. भागवतभाऊ, मी, कांचन आणि पाटणकर वर गेलो. बाकीची बॅच खाली, कातळापासून लांब बसली. पावसानंतर दगड सैल असतात, उतरणाऱ्याच्या पायाने एखादा सुटला तर खाली डोकं नको. वर खडकात पक्के ठोकलेले बोल्ट आहेत. आम्ही रोप त्यांना बांधतो, त्याला अँकर म्हणतात. कातळाची उंची बेताची आणि रोप लांब, म्हणून एकाच रोपची दोन टोकं वापरता येणार होती. मधला भाग अँकरला, एका टोकावरून माणूस उतरतो, दुसरं टोक त्याच्या हार्नेसला बांधून मी वरून धरते. त्याचा हात सुटला तरी माझा सुटत नाही.

"आता हा तपासा," मी भागवतभाऊंना म्हणाले.

"मी? मी काय तपासू? मी तर..."

"तुम्हीच. आज सकाळपासून माझ्या बॅचमध्ये रोपबद्दल सर्वांत जास्त तुम्हालाच कळतं."

ते खाली बसले आणि रोप बोटांतून सरकवू लागले. वीत वीत. प्रत्येक ठिकाणी दाबून, वाकवून. सुरुवातीला मला वाईट वाटू नये म्हणून करत होते. मग हळूहळू कपाळाला आठी पडली आणि मेंटेनन्सवाला जागा झाला.

"मॅडम, ह्यो घेतला कदी?"

"गेल्या वर्षी."

"धुता कशानी?"

"गार पाण्याने. फक्त गार पाण्याने."

"वाळवता कुठं? उनात?"

"सावलीत."

"डिकीत ठेवता म्हणला. डिकीत बॅटरीबिटरी असती का?"

"नाही हो! स्टेपनी आणि माझ्या चपला."

"आन् हितं जरा केसं निघालेत, ते काय?"

"ते वरचं आवरण आहे. दाबून बघा, आतला गाभा कसा आहे? मऊ लागतोय? खड्डा लागतोय?"

त्यांनी दाबलं. तीन-चारदा दाबलं. "न्हाई. टणक हाय," ते नाइलाजाने म्हणाले. कांचन तोंड फिरवून हसत होती. आजपर्यंत कुणीही माझी इतकी कसून उलटतपासणी घेतलेली नाही, आणि त्यात माझं लग्न जमवायला आलेली मंडळीही धरा. ऊन चढत होतं, पाटणकरांनी दोनदा घड्याळ पाहिलं, पण रोपचं दुसरं टोक हातात येईपर्यंत भागवतभाऊ उठले नाहीत. मग त्यांनी अँकर बघितला. कॅराबिनरचे लॉक फिरवून बघितले.

"चालतंय," ते म्हणाले.

"मग घाला हार्नेस."

त्यांनी हार्नेस घातला. माझा हार्नेस त्यांना पट्टा न सोडवता बरोबर बसला. या विषयावर मी अधिक काही बोलणार नाही. कांचनचा मी चढवला आणि श्वास घेणं दुय्यम मानलं.

दोराने उतरण्यातला अवघड भाग पहिल्या पावलाचा असतो. कडेला पाठ करून उभं राहायचं, सगळं वजन रोपवर टाकायचं आणि मागे रेलायचं. शरीर म्हणतं, वेडा आहेस का? त्या एका क्षणी शरीराचं ऐकायचं नसतं. भागवतभाऊ कडेला गेले. पाठ केली. आणि थिजले.

मी ते थिजणं आधी पाहिलं नव्हतं, फक्त ऐकलं होतं. बोटं पांढरी पडली. डोळे समोरच्या खडकात एका ठिपक्यावर. ओठ हलत होते, आवाज नव्हता. खालून कुणीतरी ओरडलं, "काका, या या!" मी हाताने गप्प केलं. माझ्या हातात त्यांच्या सुरक्षेचं टोक होतं, त्यामुळे जिवाला धोका नव्हता. पण त्या क्षणी ते मागे फिरले असते तर पुन्हा कधी कुठल्या कडेला गेले नसते, हे मला दिसत होतं. त्यांनाही दिसत असावं.

"भागवतभाऊ, घाई नाही," मी म्हणाले.

तेवढ्यात पाटणकरांना फोटो आठवला. उजेड समोरून होता, म्हणून ते फोन उंचावून बाजूने पुढे आले. एक पाऊल. आणखी एक. फोनच्या स्क्रीनमध्ये बघत बघत थेट कडेपर्यंत. वाळलेल्या गवताचा घसरडा उतार, खाली मोकळी हवा आणि अंगावर एकही दोरी नाही.

"सर!!"

मी तोंड उघडायच्या आत भागवतभाऊ ओरडले होते. क्रेनखाली कुणी आल्यावर ओरडावं तसे. पाटणकर जागच्या जागी खिळले.

"सर, मागं व्हा! पट्टा न्हाई अंगावर तुमच्या. गवतावर पाय हाय तुमचा, निसटंल. वळू नका, तसंच मागं. अजून. अजून. कांचन, साहेबांना धर गं! हां. आता बसा तिथं. खालीच बसा."

पाटणकर खाली बसले. सेफ्टी ऑफिसर, जॅकेटसकट, गवतात, मांडी घालून. चेहरा हारातल्या झेंडूसारखा पिवळा पडला होता.

"सॉरी, शिंदे," ते म्हणाले.

"सॉरीचं न्हाई सर, उंचीवर असं करू नये माणसानं," भागवतभाऊ तावातावाने म्हणाले. आणि हे म्हणताना, साहेबांना नीट दरडावता यावं म्हणून, ते मागे रेलले होते. पूर्ण. गुडघे ताठ, पाय खडकावर सपाट, वजन रोपवर. पुस्तकात चित्र काढावं तसे.

त्यांच्या ते लक्षात यायच्या आत मी म्हणाले, "छान. आता उजवा पाय खाली."

त्यांनी उजवा पाय खाली घेतला.

पुढचं उतरणं सुंदर नव्हतं. एकदा घसरून गुडघा फुटला. एकदा ते मधेच थांबले आणि मोठ्याने खंडोबाला काहीतरी कबूल केलं, ते काय होतं हे मी सांगणार नाही, कारण ते अजून फेडलेलं नाही. रोप ओला असल्यासारखा ते इंच इंच सोडत होते. पण हात सुटला नाही आणि माझ्या टोकावर एकदाही भार आला नाही. म्हणजे सगळं वजन त्यांनी स्वतः सांभाळलं. पाय जमिनीला लागले तेव्हा खालच्या बॅचने एवढा गलका केला की शेजारच्या खाचरातून बगळे उडाले. पाटणकरांनी फोटो काढला नाही. ते अजून बसूनच होते. कांचनने त्यांच्या जॅकेटची कॉलर सोडली नव्हती.

खाली आल्यावर पाटणकर भागवतभाऊंपाशी गेले. मला वाटलं, आता दोघांपैकी कुणीतरी मोठं काहीतरी बोलणार.

"शिंदे, त्या लिक्विडचा कॅन गेटबाहेर कसा आला?"

"सर, ते..."

"ते उद्या केबिनमध्ये सांगा. कॅन परत आणा. आणि सगळ्या मेंटेनन्सला उभं करून स्लिंगवर बोला. आज बोललात तसंच." मग घसा खाकरला. "पास परवा सही करून देतो. मी कडेला गेलो होतो, तेही त्यात सांगा. नाव घेतलंत तरी चालेल."

भागवतभाऊंनी मान डोलवली. मग फुटलेल्या गुडघ्यानेच लंगडत जाऊन त्यांनी रोपचे तुकडे गोळा केले, बॅगेत भरले आणि बॅगेवर लाल खडूने मोठी फुली मारली. खडू त्यांच्या खिशात होता. मेंटेनन्सवाल्याच्या खिशात असतोच.

दिवाळीच्या शटडाऊनला ते शेडवर चढले आणि उतरले. मला फोन केला तो वरूनच, आणि मी त्यांना उंचीवर फोनवर बोलतात म्हणून दहा मिनिटं झापलं. पंप हाउसमध्ये आता दुसरा कुणी बसतो. सावलीत, पंख्याखाली, मजेत.

मी मात्र माझा पहिला वर्ग बदलला. पूर्वी मी तासभर निष्काळजीपणावर बोलायचे. रोप तुडवू नका, उन्हात टाकू नका, आपटू नका. आता त्यातला अर्धा तास लाडावर बोलते. काय लावू नका, कशाने पुसू नका, कुठे रंगवू नका, आणि पूजा करायचीच असेल तर बंद बॅगेची करा, लांबून. हलगर्जी माणूस गिअर खराब करायला एक सीझन घेतो. हौशी माणसाला एक रात्र पुरते.